संगणक काय खातो, किती खातो?
खोडदच्या दुर्बिणीपासून घरच्या मोबाइलपर्यंत



नारायणगावाहून खोडदच्या वाटेला लागले, की उभ्या पिकांच्या पलीकडे तारांच्या जाळीच्या प्रचंड ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला आता त्यांचे नवल राहिलेले नाही. विज्ञान दिनाला तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला दोन्ही तालुक्यांतली कितीतरी मुले जाऊन आली आहेत. एकेका ताटलीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा ताटल्या एकूण ३०. त्यांपैकी १४ खोडदजवळ दाटीने आहेत, तर १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन ताटल्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच 'जीएमआरटी', ४ ऑक्टोबर २००१ रोजी देशाला अर्पण झाली. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

ताटल्या सगळ्यांना दिसतात. त्यांच्यामागे अहोरात्र राबणारे संगणक मात्र दिसत नाहीत. या दुर्बिणीला डोळा लावून पाहायची जागाच नाही. आभाळातून आलेली रेडिओ लहर ताटलीवर पडते, तिची क्षणाक्षणाची मापे घेतली जातात, आणि त्या मापांच्या आकडेमोडीतून संगणक आभाळाचे चित्र तयार करतो. म्हणजे अर्धी दुर्बीण शेतात आहे आणि अर्धी संगणकात.

आज आपण या संगणकाच्या पोटात डोकावणार आहोत. चालू असलेला प्रोग्रॅम संगणकाचे काय काय खातो, ते मोजायचे कसे आणि मोजायचे कशासाठी, एवढाच आपला विषय आहे. तुम्ही म्हणाल, आम्हा शेतकऱ्यांना याचे काय? तर आज तुमच्या दूधसंकलन केंद्रात संगणक आहे, पतसंस्थेत आहे, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, आणि खिशातला मोबाइल हाही संगणकच आहे. तो अडला की आपण म्हणतो, "मशीन जुने झाले, नवे घ्या." त्या एका वाक्यापायी घरातून हजारो रुपये जातात. ते वाक्य खरे की खोटे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आवर्तनाचे पाणी थांबत नाही

आधी खोडदचे काम किती मोठे आहे ते पाहा. प्रत्येक ताटलीकडून दोन संकेत येतात, म्हणजे ३० ताटल्यांचे ६०. दुर्बिणीच्या सुधारलेल्या व्यवस्थेत ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एका वेळी घेता येतो. एवढा पट्टा नीट टिपायचा, तर प्रत्येक संकेताची दर सेकंदाला ८० कोटी मापे घ्यावी लागतात. साठांची मिळून ती दर सेकंदाला ४,८०० कोटी होतात. शिवाय प्रत्येक ताटलीचा संकेत इतर प्रत्येक ताटलीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस जणांच्या बैठकीत प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा बोलायचे म्हटले, तर ४३५ जोड्या होतात. तेवढ्याच जोड्या येथेही होतात, आणि ही ताडणी अखंड चालू असते.

डिंभ्याच्या किंवा येडगावच्या कालव्याला आवर्तन सुटले, की तुमची पाळी येते आणि जाते. सरी पाडलेली नसेल, बारे फुटलेले असेल, तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही, ते पुढच्याच्या शेतात जाते. दुर्बिणीचेही तसेच आहे. एका सेकंदात आलेल्या मापांचे काम एका सेकंदाच्या आत उरकले पाहिजे. ते उरकायला सव्वा सेकंद लागला, तर पुढची मापे तुंबतात आणि तात्पुरते साठवायचे हौद भरले की ती वाया जातात. तोच क्षण आभाळातून पुन्हा येत नाही.

पूर्वी हे काम खास त्यासाठीच घडवलेली यंत्रे करीत. पुढे खोडदला बाजारात मिळणारे साधे भाग घेऊन आणि ४८ संगणक एकमेकांना जोडून ३२ ॲन्टेनांसाठी ३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे काम प्रोग्रॅमच्या जोरावर करून दाखवण्यात आले. त्याचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हे संगणक लिनक्स या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालत. साध्या संगणकांकडून एवढे काम काढायचे, तर कुणाचा किती वेळ कशात जातो याचा चोख हिशेब लागतो. प्रोसेसरशेजारी असलेल्या छोट्या पण चपळ मेमरीचा पुरता उपयोग व्हावा आणि एका प्रोसेसरमधल्या सगळ्या गाभ्यांना एकाच वेळी काम मिळावे, अशा बेताने तो प्रोग्रॅम बांधला गेला. पुढच्या, ४०० मेगाहर्ट्झच्या व्यवस्थेत चित्रे झपाट्याने रंगवण्यासाठी निघालेले 'जीपीयू' हे प्रोसेसर आकडेमोडीच्या कामाला जुंपले आहेत.

त्यात आणखी एक अडचण आहे. विजेच्या तारांवर ठिणग्या उडाल्या, की त्यांचाही रेडिओ गोंगाट होतो आणि तो दुर्बिणीला ऐकू येतो. असा गोंगाट ओळखून तेथल्या तेथे बाजूला काढण्याची सोय या व्यवस्थेत केली आहे. पण गोंगाट काढणे हेही कामच असते. संसारात एक तोंड वाढले की धान्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो, तसे प्रत्येक नवे काम ठरलेल्या वेळात बसते का, हे पुन्हा मोजावे लागते.

पोत्यातले बियाणे आणि शेतातले पीक

आता दोन शब्द नीट समजून घ्या. प्रोग्रॅम म्हणजे पोत्यातले बियाणे. ते कोपऱ्यात पडून असते तोवर पाणी मागत नाही, खत मागत नाही, फक्त जागा अडवते. तेच बियाणे शेतात पडले की पाणी, खत, ऊन, मजूर सगळे मागू लागते. चालू झालेल्या प्रोग्रॅमला संगणकवाले 'प्रोसेस' म्हणतात. एकाच पोत्यातले बियाणे दोन वावरांत पेरावे, तशा एकाच प्रोग्रॅमच्या दोन-तीन प्रोसेस एकाच वेळी चालू शकतात. खर्च होतो तो प्रोसेसचा, आणि मोजायचा तोही तिचाच.

प्रोसेस चार गोष्टी खाते. पहिली, प्रोसेसरचा वेळ. दुसरी, मेमरी, म्हणजे काम चालू असताना सामान मांडून ठेवायची जागा. तिसरी, डिस्कवरची लिहा-वाच, म्हणजे कोठारात येणे-जाणे. चौथी, जाळ्यावरून, म्हणजे इंटरनेटवरून, होणारी ने-आण. मोबाइलमध्ये या चारांची मिळून किंमत बॅटरीला मोजावी लागते.

हा हिशेब कोण ठेवतो? संगणक चालवणारी मूळ प्रणालीच ठेवते. लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोसेसला एक क्रमांक मिळतो आणि 'प्रोक' नावाच्या ठिकाणी त्या क्रमांकाचे खाते उघडलेले असते. तिने किती वेळ काम केले, किती मेमरी घेतली, ते तेथे वाचता येते. 'टॉप' आणि 'पीएस' ही हत्यारे तीच खाती वाचून तुम्हाला तक्ता दाखवतात. विंडोजमध्ये हेच काम 'टास्क मॅनेजर' करतो.

दिवस भरला, काम किती झाले?

आपल्याकडे बैलगाडा घाटात सुटला, की घड्याळ लावून सेकंद मोजतात. गाडा किती सेकंदांत गेला ते घड्याळ सांगते. कोणत्या बैलाने किती जोर लावला, ते सांगत नाही. संगणकाच्या बाबतीतही नुसते "काम दहा मिनिटांत झाले" एवढ्यावरून फार काही कळत नाही.

लिनक्समध्ये 'टाइम' नावाची एक साधी आज्ञा आहे. प्रोग्रॅमच्या नावाआधी ती लिहिली, की काम संपल्यावर तीन आकडे मिळतात. पहिला, भिंतीवरच्या घड्याळाने लागलेला वेळ. दुसरा, प्रोसेसरने त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आकडेमोडीला दिलेला वेळ. तिसरा, त्याच्यासाठी मूळ प्रणालीने केलेल्या कामाचा वेळ, जसे डिस्कवरून वाचून देणे.

हे मजुरीच्या हिशेबासारखे समजा. मजूर सकाळी आठला आला आणि पाचला गेला, हा घड्याळी वेळ. पण त्यातले तीन तास तो ट्रॅक्टरची वाट पाहत बांधावर बसून होता. मग काम उशिरा झाले याचा दोष त्याच्या हातांना देऊन काय उपयोग? ट्रॅक्टर वेळेवर येईल असे पाहायला हवे. तसेच, घड्याळी वेळ दहा मिनिटे आणि प्रोसेसरचा वेळ एकच मिनिट असेल, तर उरलेली नऊ मिनिटे प्रोसेस कशाची तरी वाट पाहत होती, किंवा दुसऱ्या प्रोसेस प्रोसेसर अडवून बसल्या होत्या. अशा वेळी महागडा, वेगवान प्रोसेसर घेतलात तर तो त्याच बांधावर बसून वाट पाहील.

उलटही घडते. घड्याळी वेळ दोन तास आणि प्रोसेसरचा वेळ आठ तास! ही चूक नाही. चार मजुरांनी दोन-दोन तास काम केले की आठ तासांची मजुरी होते. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा त्याहून जास्त गाभे असतात. लिनक्सचा 'टॉप' एका गाभ्याला शंभर टक्के धरतो, त्यामुळे चार गाभ्यांवर चाललेली प्रोसेस तेथे चारशे टक्के दिसू शकते. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या गाभ्यांचे मिळून शंभर टक्के धरतो. म्हणून चार गाभ्यांच्या संगणकावर तेथे नुसते पंचवीस टक्के दिसले, तरी एक गाभा पुरता दमलेला आणि तीन रिकामे, असे असू शकते. कोणता आकडा कशाच्या हिशेबाने आहे, हे आधी विचारा.

सातबारा आणि पेरा

मेमरीच्या मोजणीत माणूस सर्वांत जास्त फसतो. तक्त्यात मेमरीचे दोन आकडे दिसतात. एक असतो प्रोसेसच्या नावावर मांडलेल्या जागेचा, आणि दुसरा तिने खरोखर वापरात घेतलेल्या जागेचा. सातबाऱ्यावर पाच एकर आहे आणि पेरा दोन एकरांवर आहे, यातला हा फरक. प्रोसेस मेमरी मागते तेव्हा प्रणाली ती नावावर लिहून घेते, पण प्रत्यक्ष जागा बहुधा ती वापरायला घेतल्यावरच देते. तेव्हा सातबाऱ्याचा मोठा आकडा पाहून घाबरू नका, पेरा पाहा.

पेऱ्याच्या आकड्यातही एक मेख आहे. तीन भावांची विहीर सामाईक आहे. तिघांनाही विचारले, तर प्रत्येक जण ती विहीर आपल्यात धरतो. तिघांची उत्तरे मिळवली तर गावात तीन विहिरी निघतील. अनेक प्रोसेस काही सामाईक मेमरी वापरतात आणि ती प्रत्येकीच्या खात्यावर पूर्ण दिसते. सगळे आकडे मिळवले, तर बेरीज संगणकात असलेल्या मेमरीपेक्षाही जास्त होऊ शकते. यासाठी लिनक्समध्ये वाटणीचा आकडाही मिळतो. सामाईक जागा जितक्या जणींत आहे, तितक्या हिश्श्यांत वाटून तो काढलेला असतो. बेरीज करायची तर त्याची करावी.

मेमरी पुरी भरली की काय होते? घरात पोती ठेवायला जागा उरली नाही, म्हणून आपण काही मळ्यातल्या खोलीत ठेवतो, आणि लागेल तेव्हा खेप घालतो. संगणकही मेमरीतले सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागले की परत आणतो. डिस्क मेमरीपेक्षा फार संथ असते, म्हणून सगळा कारभार रखडतो. त्या वेळी प्रोसेसर पाहावा तर निवांत दिसतो, आणि डिस्क मात्र शंभर टक्के कामात असते.

आणखी एक रोग आहे. काही प्रोग्रॅम मेमरी घेतात आणि काम झाल्यावर परत करायला विसरतात. फुटक्या पाटातून पाणी झिरपावे तशी मेमरी हळूहळू जाते. एकदाच मोजले तर हे कळत नाही. सकाळी मोजा, दुपारी मोजा, संध्याकाळी मोजा. काम तेवढेच आणि आकडा चढतच चालला असेल, तर रोग सापडला. तासन्तास चालणाऱ्या निरीक्षणाच्या कामात असा प्रोग्रॅम उपयोगाचा नाही.

सरासरीची फसवणूक

भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला पाऊस कोसळत असतो, त्याच आठवड्यात तालुक्याच्या पूर्वेकडचा शेतकरी ढगाकडे पाहत असतो. दोघांची सरासरी काढली तर "पाऊस बरा झाला" असे उत्तर येते. त्या उत्तराने पूर्वेचे पीक उभे राहत नाही.

संगणकाचे काम सरासरीने सत्तर टक्केच भरत असेल, तरी मध्येच एखाद्या क्षणी ते शंभराच्या वर गेले तर तेवढी मापे वाया जाऊ शकतात. म्हणून ज्याला वेळेत काम उरकायचे आहे, त्याने सरासरीच्या जोडीला सर्वांत वाईट क्षणही पाहिला पाहिजे. आणि अनेक संगणक एकत्र राबत असतील, तर सर्वांत संथ संगणक पाहिला पाहिजे. जोडीतला एक बैल मागे राहिला, की दुसरा कितीही तगडा असला तरी औत त्याच्याच चालीने चालते.

मोजणाराही खातो

धान्य मोजताना माप्यानेच मूठभर चघळले, तर माप कमी भरते. मोजणारे हत्यार हाही प्रोग्रॅमच आहे, आणि तोही प्रोसेसरचा वेळ व मेमरी घेतो. 'टॉप' चालू केला की त्याच्याच तक्त्यात त्याचे स्वतःचेही नाव दिसते. दर काही सेकंदांनी वरवर पाहणाऱ्या हत्याराचा खर्च किरकोळ असतो. प्रत्येक पायरीची बारीक नोंद ठेवणारे हत्यार मात्र मूळ कामालाच संथ करू शकते. म्हणून आधी वरवर पाहावे, दुखणे कोणत्या बाजूला आहे ते हेरावे, आणि मग तेवढ्याच जागी बारीक मोजावे. डॉक्टरही आधी नाडी पाहतात, मग तपासण्या सांगतात.

तुमच्या घरी, तुमच्या गावी

आता हे सगळे तुमच्या अंगणात आणू. समजा, दूधसंकलन केंद्रातला संगणक रोज सकाळी अडतो. रांग लागते, दूध तापते, माणसे चिडतात. संस्थेच्या सभेत नव्या संगणकाचा ठराव येतो. हात वर करण्याआधी एक काम करा. गर्दीच्या वेळीच संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी उघडली तर तपशील दाखवायचे बटण दाबा. तेथे प्रत्येक चालू प्रोग्रॅमसमोर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा वर येतो.

मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत कामात असेल, तर मेमरीची भर घातल्याने पुष्कळदा भागते. नवा संगणक घ्यायला त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात. विषाणूंपासून राखण करणारा प्रोग्रॅम ऐन सकाळी सगळी डिस्क तपासत बसला असेल, तर त्याची वेळ दुपारची करा, त्याला पैसा लागत नाही. दुधाच्या नोंदीचा प्रोग्रॅमच एक गाभा पूर्ण खात असेल, तर तो बनवणाऱ्याला आकड्यांसकट सांगा. "चालत नाही" या तक्रारीपेक्षा "साडेसहा वाजता इतके टक्के, साडेसातला इतके" ही तक्रार त्याला टाळता येत नाही. आणि सगळेच रकाने सदा भरलेले असतील, तर मात्र संगणक खरोखर अपुरा आहे. मग ठरावाला खुशाल हात वर करा.

मोबाइलमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरीचे पान उघडा. कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली ते तेथे दिसते. इंटरनेटच्या वापराचे पान वेगळे असते, त्यात कोणत्या ॲपने किती डेटा ओढला ते कळते. तुम्ही आठवडाभर उघडलेलेही नाही असे ॲप त्या यादीत वर दिसले, तर ते पडद्यामागे चरत आहे असे समजा. नको असेल तर काढून टाका. हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींना सांगा. वहीत चार रकाने आखून आठवडाभर त्याच वेळी नोंद घ्यायला लावा. एका दिवसाच्या आकड्यावर कोणताही निर्णय करू नका.

एरवी आपण काय मोजत नाही? दुधाची फॅट मोजतो, उसाचा उतारा मोजतो, पंपाचे युनिट मोजतो. त्याच रांगेत संगणकाला बसवायचे आहे. खोडदला आभाळाचा एक क्षण वाया जाऊ नये म्हणून मोजतात, आपण कष्टाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून मोजू. दुकानात जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा: आधी खर्च कशाचा होतो ते मोजा, आणि मगच पैसे मोजा.